डब्यातला कोबी

दिंडोली, सुरत
१७ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्रकांतकाकांना,
योगराजचा नमस्कार.

पत्र बघून लगेच फाडू नका. आधी वाचा, मग फाडा.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, ठीक आहे. ‘गेटच्या आत पाय ठेवलास तर तंगडी हातात देईन’ असं सगळ्या गल्लीसमोर म्हणालात, तेही ठीक. म्हणून मी पाय ठेवलेला नाही. तुम्ही दोघं फिरायला गेलात तेव्हा कंपाउंडवरून हात लांब करून हा डबा तुमच्या झोपाळ्यावर ठेवला. हाताबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात.

दसऱ्याला नाशिकहून तुमच्या सायलीला बघायला आलेल्या त्या प्रशांतच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा मी काढली, हे मी तेव्हाच कबूल केलं होतं. आजही करतो. त्याने गाडी आमच्या ओट्याला चिकटवून लावली होती, आईला बाहेर पडता येईना. सायलीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता कामाचं. परवा भाजीच्या गाडीवर उज्ज्वलाकाकू माझ्या आईला म्हणाल्या, ‘पुष्पाताई, ह्यांना तिकडचं निघालंय.’ आणि डोळे पुसत पुसत त्यांनी अर्धा किलो भेंडी घेतली. आईला ‘तिकडचं’ म्हणजे काय ते कळलं नाही, मला कळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. काका, मला हा शब्द लिहायला लाज वाटत नाही. कान-नाकासारखाच तो एक अवयव आहे, फक्त चांगल्या जागी नाही.

गेले तीन दिवस मी मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोनवर हेच वाचतोय. तुम्हाला माहीत नसेल, मी आता सचिन गावातल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये आहे, कापडाचे रंग जुळवतो. तर ऐका. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा या भाज्या चिरल्या किंवा चावल्या की त्यांच्यात सल्फोराफेन नावाचं द्रव्य तयार होतं. इंडोल-थ्री-कार्बिनॉल नावाचंही एक निघतं. नाव लांब, पण काम चोख. ही दोघं मिळून कॅन्सरच्या पेशींना जागच्या जागी धरून ठेवतात, पसरू देत नाहीत. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.

डब्यात कच्च्या कोबीची कोशिंबीर आहे. सगळी खा. डबा आईचा आहे, झाकणावर नाव कोरलंय, तेवढा परत करा.

सायलीला यातलं काही सांगायची गरज नाही. पण सांगितलंत तर माझी हरकत नाही.

आपला,
योगराज सुपडू सैंदाणे

*

२० नोव्हेंबर २०२४

चि. योगराज यास,

तुझा दिनांक १७ चा डबा व पत्र मिळाले.

मी एकतीस वर्षे बँकेत काढली. दारात डबे ठेवून कर्ज मागणारे पुष्कळ पाहिले आहेत. तुला काय हवे आहे ते मला समजते. ते मिळणार नाही.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला अर्धवट सोडून, प्रोफेसरच्या टेबलावर रसायन ओतून आलेल्या मुलाने मला विज्ञान शिकवू नये. माझे डॉक्टर आहेत. त्यांनी नऊ डिसेंबरला ऑपरेशन सांगितले आहे. गाठ अजून ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर पसरायच्या आधी काढून टाकू, असे त्यांचे म्हणणे.

डबा परत करीत आहे. आपल्यात दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, म्हणून उज्ज्वलाने त्यात चिवडा घातला आहे. याचा अर्थ व्यवहार सुरू झाला असा काढू नये. यापुढे डबा ठेवू नये.

चंद्रकांत गो. टेंभेकर

ता. क. कोबी कच्चाच खायचा की वाफवूनही चालतो, हे पत्रात स्पष्ट नव्हते. केवळ माहितीसाठी विचारीत आहे.

*

२२ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

चिवडा एक नंबर. पण आता पंचाईत बघा. तुम्ही भरून पाठवलात. माझी आई म्हणते, ‘आते आपले बी काही धाडनं पडी.’ म्हणजे आता आपल्यालाही काहीतरी पाठवावं लागणार. ‘डबा ठेवू नये’ असं तुम्हीच लिहिलंत आणि त्याच डब्यात चिवडा घातलात. चूक तुमची आहे. मी फक्त रीत पाळतोय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कच्चा उत्तम. शिजवला की ते द्रव्य तयार करणारा जो पाचक रस भाजीत असतो, तो उष्णतेने मरतो. पण शिजवलेल्या भाजीवर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरली तर काम पुन्हा सुरू होतं, कारण तोच रस मोहरीत आहे. मोहरीसुद्धा त्याच घराण्यातली, काका! कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी सगळे सगोत्र. वरून एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, पण आतून एकच. चिरून चाळीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग फोडणी घालायची. आईने आधी सांगितलं, ‘मन्हा घर नियम सांगू नको.’ मग घड्याळ लावून ठेवलं.

आज मुळ्याची भाजी आहे. वरून मोहरीची पूड.

आणि काका, ते रसायन ओतल्याचं. तुम्हाला अर्धीच गोष्ट माहीत आहे. टायट्रेशन चालू होतं. माझं रीडिंग बरोबर होतं. सरांनी सगळ्या बॅचसमोर माझी जर्नल उचलून म्हटलं, ‘जो, आ गामडियो मने केमेस्ट्री शिखवाडे छे.’ मग मी म्हटलं, हे घ्या तुमचं गुलाबी पाणी, आणि त्यांच्या जर्नलवर ओतलं. माझी जर्नल कोरीच राहिली. मी गावंढळ असेन, पण माझं रीडिंग बरोबर होतं! हे सायलीलासुद्धा मी सांगितलंय. ती म्हणाली, ‘रीडिंग बरोबर होतं तर पळालास कशाला?’ त्यानंतर ती बडोद्याला एम.एस्सी.ला गेली आणि माझ्याशी बोलली नाही. एकशे चौदा दिवस झाले. मी मोजत नाही, फोन मोजतो.

पण हे पत्र भाजीबद्दल आहे.

योगराज

*

१ डिसेंबर २०२४

चि. योगराज,

मुळा, कोबी, फ्लॉवर, पुन्हा मुळा, नवलकोल हे पाच डबे पोहोचले. सोबत बुंदीचे लाडू.

परिणाम कळवतो. घरात वास आहे. उज्ज्वला हॉलमध्ये झोपायला गेली. काल शेजारचे विकासभाई येऊन, गॅसचा पाइप गळतोय का, असे विचारून गेले. मी म्हटले, पाइप नाही. त्यांना समजायला वेळ लागला.

मात्र, मला हलके वाटते. पायऱ्या चढताना दम लागत नाही. सकाळी उठल्यावर वाटते, आत काहीतरी चांगले काम चालू आहे. आणि तू समजावून सांगतोस ते डोक्यात शिरते. आमचे डॉक्टर तीन मिनिटांत सगळे इंग्रजीत सांगतात आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवतात. तुझ्यासारखे चाळीस मिनिटे थांब, मोहरी घाल, असे कुणी सांगत नाही. काल फोनवर मी सायलीला म्हणालो, तो सैंदाण्यांचा मुलगा अगदीच वाया गेलेला नाही. ती गप्प बसली. तिचे गप्प बसणे म्हणजे काय असते ते मला वीस वर्षांत कळलेले नाही, तुला कळत असेल तर कळव.

नऊ तारखेचे ऑपरेशन मी तूर्त रद्द केले आहे. दोन महिने तुझ्या भाज्या बघू. कापाकापी काय, कधीही करता येते. हे अजून घरात कोणाला सांगितलेले नाही.

चंद्रकांतकाका

*

२ डिसेंबर २०२४

काका!!!

‘अगदीच वाया गेलेला नाही.’ हे तुम्ही म्हणालात? फोनवर? तिला? शब्द अगदी हेच होते का? ‘अगदीच’ आधी होतं की ‘वाया’ आधी? आणि ती किती वेळ गप्प बसली? दहा सेकंदांच्या आत असेल तर राग, वर असेल तर विचार. कृपया आठवून बघा.

आज आनंदाने ब्रोकोली आणली आहे. सरदार मार्केटमधून. भाव विचारू नका. आई म्हणाली, ‘हाऊ हिरवा फ्लॉवर सडेल शे का?’ मी म्हटलं, नाही, फॉरेनचा आहे.

ऑपरेशन रद्द केलंत ते उत्तम! धीर धरा. आपण दोघं मिळून त्याला हरवू.

तुमचा (आता लिहू का?)
योगराज

*

११ डिसेंबर २०२४

ती. काका,

आज डब्यात भाजी नाही. फक्त हे पत्र आणि खाली साखर, कारण रिकामा पाठवता येत नाही. बसून वाचा.

काल मिलमध्ये मी माती खाल्ली. आमचं काम असं असतं: पार्टी रंगाचा नमुना देते, आम्ही चार ग्रॅम कापडाचा तुकडा छोट्या भांड्यात रंगवतो. त्याला लॅब-डीप म्हणतात. तो जुळला की मोठ्या मशीनवर थोडं कापड घालून ट्रायल, आणि ट्रायल पास झाली की सगळा माल. एका पार्टीला राणी कलर हवा होता. माझा लॅब-डीप असा सुंदर बसला की मीच त्याच्या प्रेमात पडलो. मनात म्हटलं, ट्रायल कशाला? फॉर्म्युला सरळ मोठ्या मशीनला दिला. आठशे मीटर. कापड बाहेर आलं ते वांगी. राणी नाही, जांभळं नाही, सरळ भरताचं वांगं.

आमचे गजेंद्र मास्टर ओरडले नाहीत, हेच वाईट. माझा तुकडा त्या वांगी ताग्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘बेटा, लॅब में पास हुआ मतलब लड़की ने देखा। शादी नहीं हुई।’ छोट्या भांड्यातलं पाणी वेगळं, मशीनमधलं वेगळं. तिथे दाब, वाफ, कापडाचा भार, शंभर गोष्टी.

मी चहाच्या टपरीवर बसलो आणि एकदम तुमचा डबा आठवला. काका, मी तुमचंसुद्धा तेच केलंय.

संध्याकाळी ते सगळं पुन्हा वाचलं. या वेळी मथळा नाही, पूर्ण. कोबीच्या द्रव्याने पेशी थांबल्या, पण त्या काचेच्या बशीतल्या. गाठी आवरल्या, त्या उंदरांच्या. माणसांवर थोडं काम झालंय, पण ‘हे खा आणि ऑपरेशन सोडा’ असं कोणीही, कुठेही लिहिलेलं नाही. उलट खाली स्पष्ट लिहिलंय, उपचारांच्या जागी नाही. ते खालचं मी वाचलंच नव्हतं. मला खालचं वाचायची सवय नाही, म्हणून तर मी दुसऱ्या वर्षात आहे. म्हणजे नाही आहे.

कोबी हा लॅब-डीप आहे, काका. खोटा नाही. पण तुम्ही आठशे मीटर आहात.

उद्या डॉक्टरांकडे जा. तारीख परत घ्या. नाही गेलात तर मी गेट ओलांडून येईन, तंगडी काय करायची ती करा. सायलीला सांगा की मी वाया गेलेलाच आहे. ‘अगदीच’सकट सांगा. मला चालेल. चालणार नाही, पण सांगा.

योगराज

*

१५ डिसेंबर २०२४

योगराज,

साखर मिळाली. पत्रही.

गेल्या महिन्यात ‘सिद्ध केलंय’, या महिन्यात ‘लॅब-डीप’. पुढच्या महिन्यात काय पाठवणार आहेस? तुझ्या उलटसुलट पत्रांवर माझे शरीर चालत नाही. मी निर्णय घेतला आहे. ऑपरेशन नाही. भाजी मी माझी आणीन.

(हे सकाळी लिहिले होते. आता दुपार आहे. खरे लिहितो.)

तुझ्या कोबीमुळे मी ऑपरेशन रद्द केले नाही. तुझा कोबी माझ्या उपयोगी पडला, इतकेच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, लंगोटासारखे काहीतरी बांधून फिरावे लागेल. एकतीस वर्षे मी इस्त्रीची पँट घालून शाखेत बसलो. शिपायालासुद्धा कधी माझा शर्ट बाहेर आलेला दिसला नाही. आता उज्ज्वलाने माझी ती वस्तू बदलायची? सायली सुट्टीत येईल तेव्हा घरात तो वास असेल? कॅन्सरने माणूस मरतो, हे मला समजते. पण ते जरा लांब आहे, आणि लंगोट नऊ तारखेला होता.

हे मी कोणाला सांगितलेले नाही. तुला का सांगतो आहे ते माहीत नाही. तू गेटच्या बाहेरचा आहेस म्हणून असेल.

तू वर्गातून पळालास. मी वॉर्डातून पळालो. पळण्याच्या बाबतीत आपण दोघे सगोत्र निघालो.

डब्यात शेव आहे.

चंद्रकांत

*

१६ डिसेंबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खालचंसुद्धा.

मी नाव न घेता आईला विचारलं, ‘बाबांना म्हातारपणी लंगोट लागला तर तू काय करशील?’ ती साडीला लेस लावत होती. वरसुद्धा न बघता म्हणाली, ‘काय करसू? धुसू. तुन्हा नई धुयात का?’ झालं. काकूंना विचारायचं धाडस तुमच्यात नाही, म्हणून माझ्या आईचं उत्तर पाठवतोय. बायकांचं यात फारसं वेगळं नसावं.

आमच्या मिलमध्ये मशीन उघडून दुरुस्त केलं की पहिले काही दिवस खालून गळतंच. बादली ठेवतात. हळूहळू बंद होतं. आजवर एकाही माणसाला मी मशीनला हसताना बघितलं नाही. आणि विकासभाईंना गॅसचा पाइप वाटला तेव्हा तुम्ही मेलात का? नाही ना?

आता सगोत्राबद्दल. खरं सांगू? सरांचा राग केव्हाच गेला. दुसऱ्या वर्षात परत बसायचं म्हणजे माझ्यापेक्षा लहान पोरांबरोबर, सरांनी ‘आव्यो, गामडियो?’ म्हणायचं, आणि मी हात खिशात ठेवायचा. त्याची भीती वाटते. सायलीने बरोबर ओळखलं होतं.

म्हणून हा सौदा. सोबत झेरॉक्स जोडली आहे. ही माझी परीक्षेचा फॉर्म भरल्याची पावती. आज सकाळी भरला. सरच खिडकीशी उभे होते. बघून म्हणाले, ‘आव्यो?’ मी म्हटलं, ‘हा साहेब.’ एवढंच. हात खिशात होते.

आता तुमची झेरॉक्स पाठवा. पावती नसेल तर डबा ठेवून घ्या, मला नको.

डब्यात तिळाचे लाडू. कोबी बंद.

योगराज

*

१९ डिसेंबर २०२४

चि. योगराज,

झेरॉक्स जोडली आहे. भरती सहा जानेवारी, ऑपरेशन सात. उज्ज्वलाला सगळे सांगितले. मी लंगोटाचे सांगायला दहा मिनिटे घेतली. ती म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं, तुम्ही कुणाच्या जामिनावर सही केलीत.’ मग रडली. मग मला खूप बोलली, मुख्यतः मुळ्यावरून.

डॉक्टरांना तुझ्या भाज्यांचे सांगितले. ते म्हणाले, खा की, चांगल्याच आहेत, पण माझी जागा त्यांना देऊ नका. तुझे गजेंद्र मास्टर आणि ते एकाच शाळेत शिकले असावेत.

परीक्षेत खालचे वाच.

डब्यात काही नाही, फक्त झेरॉक्स. कागद आहे, म्हणजे रिकामा धरता येणार नाही.

चंद्रकांतकाका

*

२ फेब्रुवारी २०२५

चि. योगराज यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन होऊन सव्वीस दिवस झाले. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. कडा स्वच्छ आहेत, बाहेर पसरलेले दिसत नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासायचे आहे, तेव्हा पुन्हा छाती धडधडेल. आज धडधडत नाही.

लंगोटाचे म्हणशील तर आहे. गळतो आहे. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडे करून झोपलो होतो. उज्ज्वलाने बदलले आणि विचारले, ‘चहा आल्याचा करू की साधा?’ मी आल्याचा म्हटले. तुझ्या आईचे उत्तर बरोबर होते, हे तिला कळव.

तू रोज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून परीक्षेची वही वाचत होतास आणि आत येत नव्हतास, हे मला सिस्टरने सांगितले. तिने विचारले, तो मुलगा कोण? मी चष्मा शोधू लागलो. शेजारी सायली उभी होती. तिने सांगितले. काय सांगितले ते तिलाच विचार. मी औषधाच्या गुंगीत होतो, असे समजावे.

प्रशांतच्या घरी नकार कळवला आहे. तो तुझ्यामुळे नाही, सायलीमुळे. आणि माझ्या होकाराची घाई करू नकोस. तो सध्या लॅब-डीप आहे. ट्रायल म्हणजे तुझी परीक्षा, आणि माल त्याच्याही नंतर.

यावेळी डबा पाठवलेला नाही, तुझ्या लक्षात आले असेल. तो भरून आमच्या टेबलावर ठेवला आहे. कोबी नाही. आईचा डबा आहे, झाकणावर नाव आहे, तेव्हा परत नेणे तुला भाग आहे. गेट उघडे आहे. पाय ठेवून ये.

हे पत्र घेऊन आलेल्या व्यक्तीला पाच मिनिटांपेक्षा जास्त दारात उभे करू नकोस. आज उज्ज्वलाऐवजी तिला घरी येऊन चहा करायचा आहे, आल्याचा.

येताना हवेचा पंप आण. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा गेली आहे. ती तू काढलेली नाहीस, असे मी धरून चाललो आहे.

तुझा,
चंद्रकांतकाका